दुपारपर्यंतचं पानिपत

१७५८ च्या उन्हाळ्यात रघुनाथरावांची फौज लाहोरहून माघारी वळली तेव्हा पुण्यात आनंदीआनंद होता. अफगाण बादशाह अब्दालीचा मुलगा तैमूरशाह आणि त्याचा सेनापती जहानखान लाहोर टाकून पळाले होते. मराठ्यांच्या तुकड्या सिंधूपर्यंत पोचल्या होत्या. अटकेच्या झेंड्याची गोष्ट आपण आजही ताठ मानेनं सांगतो, पण त्या स्वारीचा जमाखर्च सहसा कोणी काढत नाही. पंजाबचा कारभार अदीना बेगकडे सोपवून त्याच्याकडून सालिना पंचाहत्तर लाख रुपये घ्यायचे ठरले होते. अदीना बेग त्याच वर्षी सप्टेंबरात वारला आणि ते पंचाहत्तर लाख कागदावर राहिले. स्वारीचं कर्ज मात्र कागदावरचं नव्हतं. ते ऐंशी लाखांच्या घरात होतं आणि सावकार पुण्यातच होते.

आणखी एक बाब त्या आनंदात विरून गेली. आदल्या वर्षी दिल्लीत नजीबखान रोहिला मराठ्यांच्या तावडीत सापडला होता. मल्हारराव होळकरांनी रदबदली केली आणि तो सुटला. अब्दालीला पुन्हा हिंदुस्थानात बोलावणाऱ्यांत पुढे हाच माणूस सगळ्यांच्या पुढे असणार होता. पण १७५८ साली लाहोर हाती होतं, त्यामुळे त्याला का सोडलं हे विचारण्याची कोणाला गरज वाटली नाही.

हिशेब विचारणारा दरबारात एकच माणूस होता. सदाशिवराव भाऊ, चिमाजीअप्पांचा मुलगा, नानासाहेब पेशव्यांचा चुलतभाऊ आणि त्यांचा कारभारी. तिशीही न गाठलेला, पण फडावरच्या कागदांत मुरलेला. एवढं कर्ज कसं झालं, असं त्यानं विचारलं तेव्हा रघुनाथराव संतापले आणि पुढच्या स्वारीला तुम्हीच जा म्हणाले, अशी हकीकत परंपरेनं सांगितली जाते. शब्द तेच होते की नाही याची हमी कोणी देऊ नये. पण प्रश्न खरा होता आणि तो विचारणाऱ्याला दरबारानं खडूस ठरवलं असणार, हेही सहज पटतं. जिंकून आलेल्याला खर्च विचारायचा नसतो, हा रिवाज पेशवाईपुरता नाही.

अमेरिकेतल्या जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शे या दोन संशोधकांनी १९८८ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पंचावन्न वर्षांचा हृदयरोगी. बायपास केली तर त्रास कमी होईल, आयुष्यही वाढेल, पण अशा शस्त्रक्रियेत शंभरातले आठ दगावतात. डॉक्टर शस्त्रक्रियेचा निर्णय घेतो. विद्यार्थ्यांपुढे हीच हकीकत ठेवली, फक्त शेवट बदलून: एकदा रोगी वाचला, एकदा गेला. डॉक्टरला जे माहीत होतं ते दोन्हीकडे तंतोतंत सारखं. तरीही रोगी वाचला तेव्हा निर्णय चांगला ठरला आणि गेला तेव्हा वाईट. निकाल पाहून निर्णयाला गुण द्यायच्या या खोडीला मानसशास्त्रात ‘निष्पत्ती-पूर्वग्रह’ म्हणता येईल. नाव जड आहे, खोड सर्वांच्या अंगवळणी पडलेली आहे. एकट्यादुकट्या माणसाच्या हातून ती घडली तर गैरसमजावर भागतं. राज्याच्या, कंपनीच्या, फौजेच्या कारभारात ती मुरली की पुढचा सेनापती कोण, पैसा कुठे जाईल आणि चौकशी कोणाची होईल, हे सगळं तीच ठरवू लागते.

पुण्यात तसंच झालं. ३ फेब्रुवारी १७६० ला उदगीरजवळ भाऊंनी निजामाला नमवलं. सुमारे साठ लाखांचा मुलूख आणि दौलताबाद, अशीरगड, बऱ्हाणपूर, विजापूर अशी मातब्बर ठाणी मिळाली. इब्राहिमखान गारद्याच्या कवायती पलटणींनी आणि तोफांनी ही लढाई मारली. फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली तयार झालेला हा गारदी काल निजामाकडे होता, आता मराठ्यांकडे होता. विजय चोख होता. पण तो मिळाला कुठे? घरच्या अंगणात. निजामाची फौज चालता चालता कोंडीत सापडलेली, मराठ्यांची रसद पाठीशी, मुलूख आणि वाटा पायाखालच्या, भोवतालचे लोक आपल्या भाषेचे. उदगीरनं सिद्ध केलं ते इतकंच, की दख्खनमध्ये, भरल्या कोठारांच्या जवळ, कोंडलेल्या शत्रूवर गारद्यांच्या तोफा कामाला येतात.

त्याच सुमारास उत्तरेतून बातमी आली. १० जानेवारीला यमुनेकाठी बुराडी घाटावर अब्दालीच्या फौजेशी लढताना मराठा सरदार दत्ताजी शिंदे पडले होते. पेशव्यांचा मुक्काम परतूडला. उत्तरेत कोणाला पाठवायचं यावर तिथे खल झाला. रघुनाथरावांना तो मुलूख माहीत होता, होळकरांशी त्यांचं जमत होतं, पण त्यांच्या नावापुढे कर्जाचा आकडा होता. भाऊंनी उत्तर हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता, तिथल्या राजेरजवाड्यांची नस त्यांना ठाऊक नव्हती, पण त्यांच्या नावापुढे उदगीर होतं आणि उदगीरला अजून महिना-दीड महिनाच झाला होता. निवड झाली. पेशव्यांच्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला, विश्वासरावांना, नावाचे सेनापती करून मार्च १७६० मध्ये भाऊ निघाले.

इथे एक गंमत आहे. अटकेच्या यशाला न भुलणारा माणूस उदगीरच्या यशाच्या जोरावर अशा मोहिमेवर गेला, जिच्यासाठी लागणारा पैसा कुठून येणार हे त्यानं स्वतःच विचारायला हवं होतं. कदाचित विचारलंही असेल. उत्तर एवढंच होतं, की उत्तरेतली थकलेली वसुली गोविंदपंत बुंदेले गोळा करतील.

भाऊंचे पुढचे दहा महिने आपल्याकडे चुकांची यादी म्हणून पाठ आहेत. जड तोफा नेल्या. बायका, यात्रेकरू, बाजारबुणगे बरोबर घेतले. सूरजमल जाटाचं ऐकलं नाही. दिल्लीच्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत काढलं. गनिमी कावा सोडून खंदक खणून बसले. यातलं प्रत्येक कलम १४ जानेवारी १७६१ च्या संध्याकाळकडे पाठ करून पुन्हा वाचावं लागतं.

तोफांचं घ्या. सूरजमलचा सल्ला होता की जड सामान आणि कुटुंबं मागे किल्ल्यांत ठेवा, हलक्या घोडदळानं अफगाणांची रसद तोडा. मल्हाररावांचंही मत तेच. नंतर हा सल्ला फार शहाणपणाचा ठरला, कारण भाऊ हरले. पण १७६० च्या उन्हाळ्यात भाऊंच्या पुढे कोणता पुरावा होता? दत्ताजी घोडदळ घेऊनच लढले होते आणि पडले होते. खुद्द मल्हाररावांना मार्चमध्ये सिकंदराबादेजवळ अफगाणांनी बेसावध गाठून उधळून लावलं होतं. म्हणजे उत्तरेच्या सपाट मैदानात, अब्दालीच्या घोड्यांपुढे, हलक्या घोडदळाचा डाव दोन महिन्यांत दोनदा फसला होता. गनिमी काव्याला सह्याद्रीचे घाट लागतात, दोआबात ते नाहीत. अशा वेळी कवायती पायदळावर आणि तोफांवर भिस्त ठेवणं हा विचार करून घेतलेला निर्णय होता. तो हट्ट म्हणून सांगितला जातो, ते निकालामुळे.

चांदीच्या छताचंही तसंच. ऑगस्टमध्ये दिल्लीचा किल्ला घेतला तेव्हा फौजेला द्यायला पैसा नव्हता. छत उतरवून त्याची नाणी पाडली, फौज काही दिवस जगली. याच छताखालून आदल्या पंचवीस वर्षांत नादिरशाह आणि अब्दाली काय काय घेऊन गेले होते, ते आठवलं की भाऊंवरचा हा राग थोडा नाटकी वाटतो. भाऊ जिंकले असते तर शाळेच्या पुस्तकात हा प्रसंग प्रसंगावधान म्हणून आला असता.

बुणग्यांच्या बाबतीत मात्र भाऊंची बाजू घेता येत नाही. अठरा वर्षांचे नाना फडणीस आईला आणि बायकोला घेऊन तीर्थयात्रेच्या ओढीनं या फौजेबरोबर गेले होते. त्यांच्यासारखे हजारो होते. जाटांचे किल्ले ऑगस्टपर्यंत उघडे होते. लढणाऱ्या माणसांहून न लढणाऱ्यांची तोंडं जास्त आणि धान्याची कोठारं परमुलखात, हे गणित पानिपत जिंकूनही चुकीचंच राहिलं असतं. तीच गत यमुनेच्या उतारांची. १७ ऑक्टोबरला भाऊंनी कुंजपुरा घेतला, धान्य आणि पैसा मिळाला, अब्दाली पलीकडच्या काठावरून पुराच्या पाण्यापुढे हतबल पाहत राहिला. मग फौज कुरुक्षेत्राच्या दिशेनं उत्तरेकडे सरकली आणि बागपतच्या बाजूला पुरेसा पहारा राहिला नाही. कुंजपुऱ्याच्या विजयानं नदीच भिंत आहे असं वाटू लागलं होतं.

आणि २५ ऑक्टोबरच्या सुमारास अब्दाली बागपतला ती भिंत ओलांडून आला. यमुना अजून भरलेली होती, उतरताना त्याची माणसं वाहून गेली. अर्धी फौज अल्याड आणि अर्धी पल्याड असताना मराठ्यांचे पाच हजार स्वार त्या काठावर असते तर? तर अब्दालीचा तो निर्णय वेडेपणाचा नमुना म्हणून सांगितला गेला असता. काठावर कोणी नव्हतं, म्हणून तो अलौकिक सेनापती. माझ्या मते तो सेनापती मोठा होताच, पण त्याचा पुरावा बागपतला शोधू नये. तिथे त्यानं जुगार खेळला आणि फासे बरोबर पडले.

नंतरचे अडीच महिने पानिपतच्या छावणीत भुकेचे होते. ७ डिसेंबरच्या चकमकीत भाऊंचे उजवे हात बळवंतराव मेहेंदळे गेले. त्याच महिन्यात गोविंदपंत बुंदेले दोआबात मारले गेले आणि रसदीचा शेवटचा दोरा तुटला. दिल्लीहून खजिना घेऊन निघालेली एक तुकडी रात्री वाट चुकून थेट अफगाण छावणीत शिरली. या गोविंदपंतांना भाऊंनी पैसा पाठवा, धान्य पाठवा, शत्रूच्या पिछाडीला उपद्रव द्या, अशी पत्रांवर पत्रं लिहिली होती. ती पत्रं पुढे इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली आपल्या साधनांच्या पहिल्या खंडात छापली. ती वाचताना रणांगणावरच्या सेनापतीपेक्षा वसुलीच्या तगाद्यानं मेटाकुटीला आलेला कारभारी जास्त दिसतो.

त्या काळात पुण्याची गादी काय करत होती? नानासाहेब उत्तरेकडे निघाले होते, पण सावकाश. २७ डिसेंबरला पैठणला त्यांचं दुसरं लग्न लागलं. भाऊंची छावणी उपाशी असताना हे घडलं, हे आज वाचताना अंगावर येतं. पानिपत जिंकलं असतं तर या लग्नाचा उल्लेख वंशावळीपलीकडे कोणी केला नसता.

१४ जानेवारीची सकाळ. भाऊंचा बेत गोलाचा होता: तोफा आणि गारदी पुढे, मध्ये बुणगे, भोवती घोडदळ, असं सगळं लष्कर एकत्र चालत यमुनेच्या रोखानं बाहेर काढायचं. अब्दालीच्या बाजूला गेलेल्या अवधच्या नवाब शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेला काशीराज पंडित शत्रूच्या बाजूनं हे सगळं पाहत होता आणि पुढे त्यानं फारसीत लिहूनही ठेवलं. त्याच्या हकीकतीप्रमाणे दुपारपर्यंत मराठ्यांची सरशी होती. डावीकडे इब्राहिमखानाच्या गारद्यांनी रोहिल्यांची दाणादाण उडवली. मध्यावर भाऊंच्या हुजुरातीनं अब्दालीच्या वजिराची, शाहवलीखानाची, फळी फोडली. वजीर घोड्यावरून खाली उतरला होता आणि पळणाऱ्या आपल्या माणसांना, आपला मुलूख दूर आहे, पळून जाणार कुठे, असं विनवत होता. शत्रूच्या छावणीतल्या साक्षीदाराची ही साक्ष आहे, तेव्हा ती मराठ्यांची बढाई म्हणून बाजूला सारता येत नाही.

मग विश्वासरावांना गोळी लागली. भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, रिकामी अंबारी दिसताच लष्करानं हाय खाल्ली. अब्दालीनं राखून ठेवलेली ताजी फौज आणि उंटांवरची जंबुरकी पुढे आली. त्याआधी डावीकडच्या काही सरदारांनी गोल सोडून गारद्यांच्या तोफांपुढेच घोडी घातली होती, तेही अंगाशी आलं. संध्याकाळी जे झालं ते सर्वांना माहीत आहे.

राखीव फौज ठेवणं हा अब्दालीचा खरा सरस निर्णय होता आणि तो सकाळीही सरस होता. भाऊंकडे राखीव फौज नव्हती, ही चूकही सकाळीच झालेली होती. पण विश्वासरावांची गोळी? ती कोणाच्याही शहाणपणात किंवा मूर्खपणात बसत नाही. तरी निवाडा करताना आपण ती गोळी भाऊंच्या खात्यावर घालतो.

निवाडा लवकरच सुरू झाला. पेशव्यांना बातमी भेलशाच्या वाटेवर सावकारी सांकेतिक पत्रातून कळली आणि २३ जून १७६१ ला ते पर्वतीवर वारले. बखरकारांनी गर्विष्ठ, हेकेखोर, वडीलधाऱ्यांचं न ऐकणारा भाऊ रंगवला. १८२६ साली ग्रँट डफनं इंग्रजीत तोच भाऊ कायम केला. राजवाड्यांनी पत्रं बाहेर काढली आणि दोषाचं बोट होळकर व गोविंदपंतांकडे वळवलं. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी रणभूमी स्वतः पाहून १९४६ साली पानिपतावर ग्रंथ लिहिला आणि भाऊंच्या बेताला बेत म्हणून तपासलं. मला शेजवलकर जास्त पटतात. पण या जवळजवळ दोनशे वर्षांच्या वादात एक गोष्ट जवळजवळ सर्वांनी मान्य केलेली दिसते: हरलो, म्हणजे कोणा एकाचं चुकलं. भाऊ की मल्हारराव की गोविंदपंत, एवढाच वाद.

या वादामुळे सुटलं कोण, ते पाहण्यासारखं आहे. सुटला तो सगळा दरबार. जयपूरच्या गादीच्या भांडणात वर्षानुवर्षं हात घालून राजपुतांना तोडलं, म्हणून १७६० साली एकही राजपूत राजा मदतीला आला नाही. शुजाला नजीबखानानं जुलैमध्ये आपल्याकडे ओढलं, कारण त्याला देण्यासारखं मराठ्यांकडे विश्वासाचं काही उरलं नव्हतं. उत्तरेतल्या मोहिमा लुटीवर, खंडणीवर आणि न आलेल्या वसुलीवर चालायच्या, हा रिवाज अटकेच्या वेळीही तोच होता. अटकेला तो खपून गेला, कारण झेंडा लागला. पानिपतानंतरही तो तपासला गेला नाही, कारण भाऊ होता.

शिवाय निकाल कोणत्या दिवशी वाचायचा, हाही प्रश्न आहेच. जिंकलेला अब्दाली मार्च १७६१ मध्ये थकलेल्या पगारासाठी कुरकुरणाऱ्या फौजेला घेऊन परत फिरला आणि पंजाब हळूहळू शिखांच्या हाती गेला. हरलेले मराठे १७७१ साली पुन्हा दिल्लीत होते आणि जानेवारी १७७२ मध्ये शाहआलम बादशाह त्यांच्या पाठबळावर तख्तावर बसला.

त्यामागे महादजी शिंदे होते. पानिपतहून ते पायानं कायमचे अधू होऊन, राणेखान नावाच्या भिस्त्यानं वाचवल्यामुळे परत आले होते. कवायती फौजेनं आणि तोफांनी घात केला, हा धडा घ्यायला त्यांच्याइतका हक्क कोणालाच नव्हता. त्यांनी नेमका उलटा धडा घेतला. १७८४ मध्ये त्यांनी बेन्वा द बॉइन या सावॉयच्या लष्करी माणसाला नोकरीला ठेवलं आणि इब्राहिमखानाच्या धर्तीवर, पण जास्त नेटकी, नियमित पगाराची पलटणं उभी केली. १७८७ मध्ये लालसोटला डाव फसला, तरी त्यांनी पलटणं मोडली नाहीत. १७९० मध्ये पाटण आणि मेडता इथे त्याच पलटणींनी राजपूत फौजांचा पराभव केला. पानिपतच्या पराभवातून भाऊंचा बेत वेगळा काढून पाहणारा मराठी राज्यातला हा पहिला माणूस असावा.

पण पाटण-मेडत्याच्या विजयात एक फट होती आणि ती बुजवायचं राहून गेलं. इंग्रजांविरुद्ध शस्त्र धरणार नाही, अशी अट द बॉइननं नोकरी धरतानाच घातली होती, असं सांगतात. त्याच्या हाताखालचे बरेचसे अधिकारी परदेशी, त्यात इंग्रजही. पलटणं जिंकत होती तोवर या अटीचा अर्थ कोणी विचारला नाही. १८०३ साली लढाई इंग्रजांशीच जुंपली. इंग्रजांनी शिंद्यांच्या नोकरीतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना सोडून येण्याचं आमिष दाखवलं, बरेच गेले, द बॉइनच्या जागी आलेला पेराँ सप्टेंबरात त्यांच्या स्वाधीन झाला. मागे राहिलेली पलटणं आणि गोलंदाज २३ सप्टेंबरला असईला आणि १ नोव्हेंबरला लासवारीला लढले आणि हरले. यावर निवाडा ठरलेलाच होता: मराठ्यांनी आपला गनिमी कावा सोडला, कवायतीच्या नादी लागले आणि बुडाले. भाऊंवरचाच आरोप, बेचाळीस वर्षांनी, नावं बदलून.

असईला समोर उभा होता आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. त्या दिवशी त्यानं शिंद्यांच्या ९८ तोफा घेतल्या आणि त्यासाठी आपली दीड हजारांवर माणसं मेलेली किंवा जायबंदी झालेली पाहिली. वॉटर्लू जिंकून जगप्रसिद्ध झाल्यानंतर, लढाईत तुम्ही केलेलं सर्वांत चांगलं काम कोणतं, असं त्याला एकानं विचारलं. त्यानं एकाच शब्दात उत्तर दिलं: असई.